‘कर्ज’ वाचायला किती वेळ लागतो?

३० मे २०२५ला, घटकराज्य दिनी, गोवा ‘पूर्ण साक्षर’ जाहीर झाला. केंद्राच्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात त्यासाठी ९५ टक्के साक्षरतेचा निकष आहे. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांची चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की प्रमाणपत्र. बातमी आनंदाचीच आहे. माझी कुरकुर एका गोष्टीपुरती: लेखी पेपरातून वाचनाचा वेग कळत नाही, आणि मेंदूच्या दृष्टीने खरी गोम वेगातच आहे.

‘बँकेचे कर्ज किती बाकी आहे’ हे वाक्य घ्या. अकरा अक्षरं. तुम्ही ते एका दमात वाचलंत, कारण सरावलेला डोळा एका शब्दावर साधारण पाव सेकंद थांबतो. नवसाक्षर बाईला एकेका अक्षराला एक सेकंद लागतो असं धरा. म्हणजे अकरा सेकंद. आता अडचण पाहा. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बॅडली यांनी १९७०च्या दशकात दाखवलं की माणूस साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारू शकतो, तेवढेच त्याला लगेच जसेच्या तसे परत म्हणता येतात. त्यापलीकडचे पुसट होत जातात. टिकवायचे तर मनातल्या मनात घोकावे लागतात. पण तिचं सगळं लक्ष पुढचं अक्षर ओळखण्यात गुंतलेलं, घोकायला फुरसत कुठली? ‘आहे’पर्यंत पोचेतो ‘बँकेचे’ निसटलेलं असतं. मग ती परत पहिल्यापासून सुरू करते. शिकवणारे म्हणतात, ‘मावशींना वाचता येतं, पण समजत नाही.’ मावशींची समज शाबूत असते, वेळ अपुरा पडतो.

त्यात आपली लिपी. ‘कर्ज’मधला र् उच्चारात ज-च्या आधी येतो, पण रफार बसतो ज-च्या डोक्यावर. ‘किती’तली पहिली वेलांटी कागदावर क-च्या डावीकडे आणि तोंडात क-नंतर. म्हणजे डोळ्यांचा क्रम वेगळा, कानांचा वेगळा. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी आकृत्या चारशेवर जातात; जोडाक्षरं वेगळीच. यांची फोड करून करून वाचणारा माणूस दमतो. ‘र्ज’, ‘कि’ या आकृत्या फोड न करता, अखंड ओळखता आल्या तरच वेग येतो. हे काम मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खालच्या अंगाला असलेला दृष्टीचा एक छोटा पट्टा करतो.

हा पट्टा लहानपणीच तयार व्हावा लागतो का? २०१०मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांच्या मेंदूंची चित्रं प्रसिद्ध झाली. त्यांत असाक्षर होते, शाळेत शिकलेले होते आणि मोठेपणी वाचायला शिकलेलेही होते. मोठेपणी शिकलेल्यांचाही तो पट्टा शब्दांना प्रतिसाद देत होता, आणि वाचन जितकं सफाईचं तितका प्रतिसाद मोठा. ‘पिकल्या वयात डोक्यात काय शिरणार’ हे म्हणणं एवढ्यावरच निकाली निघतं. २०१७चा अभ्यास तर आपल्याच लिपीतला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, बहुतेक तिशीतल्या बाया सहा महिने हिंदी वाचायला शिकल्या. त्यांच्या चेतकातलं (मेंदूच्या खोलवरच्या थॅलॅमसमधलं) पल्विनार आणि मध्यमेंदूतले वरचे उंचवटे दृष्टीच्या बाह्यकाशी, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या दृष्टीच्या भागाशी, अधिक सुसंगतपणे स्पंदू लागले, असं त्या अभ्यासानं मांडलं. (नजर कुठे वळवायची आणि कशावर लक्ष द्यायचं, यात या भागांचा हात असतो.)

गंमत अशी की शहरांत ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ची, म्हणजे मध्यमेंदू जागवण्याची, महागडी शिबिरं भरतात, मुलं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात आणि पालक टाळ्या वाजवतात. मुलं नाकाजवळच्या फटीतून बघत असतात. मध्यमेंदूत फरक नोंदवला गेला तो उघड्या डोळ्यांनी अक्षरं गिरवणाऱ्या बायकांच्या.

म्हणून गावातल्या साक्षरता वर्गाला मदत करायची असेल तर परीक्षेच्या आधीपेक्षा नंतर करा. प्रमाणपत्र मिळालं की वर्ग बंद होतो, स्वयंसेवक पांगतात आणि वेग येण्याआधीच सराव थांबतो. सरावाला जागा भरपूर आहेत. बचत गटाचं इतिवृत्त दर बैठकीत वेगळ्या बाईने मोठ्यानं वाचावं. मजुरीच्या कामाचं हजेरीपत्रक मजुरानं स्वतः वाचून मगच सही करावी. कारखान्यात सुरक्षेच्या सूचना पाळी सुरू होताना कामगारांनीच आळीपाळीने वाचाव्यात. घरी नातवाचं दुसरीचं पुस्तक आजी आणि नातू दोघांनी मिळून वाचावं, तेच पान चारदा वाचलं तरी हरकत नाही. किंबहुना चारदाच वाचावं, कारण ओळखीच्या आकृत्यांवरच वेग चढतो.

आणि वर्गाच्या पहिल्याच दिवशी, पाटी हातात देण्याआधी, चाळिशीपुढच्या प्रत्येकाची जवळची नजर तपासावी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, डोळ्यांजवळ धरलेलं अक्षर धूसर दिसतं. शेतात किंवा रस्त्यावर याचा त्रास होत नाही, त्यामुळे ज्यानं कधी वाचलंच नाही त्याला हे कळायचं कारणच नसतं. साधा वाचायचा चष्मा दोनेकशे रुपयांत मिळतो. वर्गाच्या अंदाजपत्रकात खडूच्या आधी त्याची ओळ हवी.