तालुक्याची टॉकीज ओस पडली ती केव्हापासून

तालुक्याच्या गावातली बंद टॉकीज दाखवून लोक म्हणतात, मोबाईलनं संपवली, मल्टिप्लेक्सनं खाल्ली. ही कारणं फार उशिराची आहेत. माझ्या मते पहिलं खिंडार १९८०च्या दशकात पडलं, बायकांनी टॉकीजची वाट सोडली तेव्हा.

खेड्यापाड्यांत सिनेमा पोचला तो जत्रेतल्या तंबूतून. पक्की इमारत बांधून कायमचे खेळ लावायचे तर परवाना लागे. जुन्या नायट्रेटच्या फिल्मला चटकन आग लागत असल्यानं नियम कडक होते. १९५३च्या मुंबई सिनेमा कायद्यानंही परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला.

जाड भिंतींच्या केबिनमध्ये ऑपरेटरचं राज्य असे. दोन कार्बनकांड्यांच्या टोकांमध्ये विजेची झगझगीत ज्योत पेटायची आणि तिच्या उजेडावर सिनेमा चालायचा. कांड्या जळून अंतर वाढलं की पडदा पिवळट होई आणि पिटातून शिट्ट्या सुरू. दोन हजार फुटांचं रीळ बावीसेक मिनिटांत संपे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, पुन्हा चमकला की चित्र तिकडं घ्यायचं. एकच मशीन असेल तिथं रीळ बदलेपर्यंत दिवे लागत. सिनेमाची पेटी एसटीनं यायची, ती आधी मोठ्या शहरांत झिजून. त्यामुळे प्रिंटवर रेघोट्या ठरलेल्याच, पण त्यावरून कुणी तिकीट परत केलं नाही.

गल्ला भरायचा तो बाजाराच्या दिवशी आणि कुटुंबं आली की. अनेक ठिकाणी बायकांची तिकीटखिडकी आणि बसायची बाजू वेगळी असे. घरच्यांना विश्वास वाटे, म्हणून सासुरवाशिणींना शेजारणींसोबत दुपारच्या खेळाला जाता येई. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा बायका चपला बाहेर काढून आत जात, पडद्यावर नाणी आणि फुलं टाकत. घराबाहेर, परक्या माणसांत बसून मनसोक्त रडण्याची मुभा त्यांना दुसरीकडं कुठं होती?

१९८२च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ घरातच दिसू लागलं. रिकाम्या खुर्च्या भरायला बऱ्याच टॉकीजनी ‘तसले’ सिनेमे लावले आणि तिथं चारचौघांत जाण्याची घरंदाज बाईला चोरी झाली. चालकांचा नाइलाज मला कळतो, तरी सगळ्यात महागात पडलेला निर्णय तोच. १९९१ साली ‘माहेरची साडी’नं हा प्रेक्षक गाड्या भरभरून परत आणला, पण असा सिनेमा दरवर्षी निघत नाही.

पुढं उपग्रहावरून सिनेमा थेट टॉकीजमध्ये येऊ लागला. शुक्रवारचा सिनेमा तालुक्यालाही शुक्रवारीच मिळायला लागला. पेटीची वाट पाहणं संपलं. ज्यांच्यासाठी हे घडायला हवं होतं ती कुटुंबं मात्र केव्हाच केबलसमोर बसली होती. मार्च २०२०मध्ये करोनामुळं पडदे बंद झाले, त्यातले काही पुन्हा उघडलेच नाहीत.

कुठं आता मंगल कार्यालय आहे, कुठं खताचं गोदाम. काही इमारती नुसत्याच उभ्या आहेत. चित्रपटगृहाच्या जागी नवं बांधकाम केलं तरी त्यात चित्रपटगृह ठेवण्याची अट काढून टाका, ही मालकांची जुनी मागणी आहे. माझं म्हणणं, अट राहू द्या. शंभर खुर्च्यांचं का होईना, पण तालुक्याला थिएटर हवं.