थकीत वेतनाच्या सामूहिक दाव्यातील तडजोड (कॅलिफोर्निया)

थकलेला पगार आणि कामाच्या मधल्या बुडालेल्या सुट्ट्या यांबद्दल एका-दोघा कामगारांनी सर्वांच्या वतीने लावलेला दावा, निकालापर्यंत न ताणता, न्यायालयाच्या मंजुरीने ठराविक रकमेवर मिटवण्याची पद्धत. अमेरिकेत ती विशेष रुळली कॅलिफोर्नियात. देशाचा १९३८ चा कामगार कायदा किमान वेतन आणि ओव्हरटाइम ठरवतो. प्रौढ कामगाराला जेवायला वेळ द्या, असे तो कुठेच म्हणत नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो: पाच तासांहून जास्त कामाला अर्धा तास जेवणाची सुट्टी, साधारण दर चार तासांमागे दहा मिनिटांची पगारी विश्रांती. जेवणाची सुट्टी मिळाली नाही, तर त्या दिवसाचा एक तासाचा जादा पगार. विश्रांतीचा एक तास वेगळा. हा दंड नसून वेतनच आहे, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ठरवले आणि तीन वर्षे मागे जाऊन मागणी करण्याची वाट मोकळी झाली.

खरी घासाघीस होते ती ‘सुट्टी दिली’ म्हणजे काय यावर. त्याच न्यायालयाच्या २०१२ च्या ब्रिंकर (एक रेस्टॉरंट कंपनी) निकालानुसार मालकाने कामगाराला कामातून पूर्ण मोकळे केले पाहिजे. तो त्या वेळात काम करत नाही ना, यावर पहारा ठेवण्याची गरज नाही. म्हणून मालक म्हणतो, सुट्टी होती, त्यानेच घेतली नाही. कामगार म्हणतो, समोर गिऱ्हाईक खोळंबलेले असताना घेणार कशी? २०२१ पासून हजेरीच्या नोंदींत जेवणाची वेळ उशिराची, अपुरी किंवा कोरी दिसली, तर नियम मोडला असे आधी गृहीत धरले जाते आणि ते खोडण्याचा भार मालकावर पडतो. त्यामुळे मध्यस्थासमोर बसताना दोन्ही बाजूंच्या हातात आधी हजेरीचेच आकडे असतात.

रक्कम ठरली की न्यायाधीश प्राथमिक मंजुरी देतात, प्रत्येक कामगाराला नोटीस जाते, ज्याला नको तो बाहेर पडू शकतो. (आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या आस्थापनेतील सर्वांना, नंतर भरती झालेल्यांनाही बांधून घेई, बाहेर पडण्याची सोय नव्हती.) एकूण रकमेतून वकिलांची फी, वाटपाचा खर्च, दावा लावणाऱ्याचा मोबदला आणि कधी राज्याचा वाटा वजा होतो. फी एकतृतीयांशापर्यंत जाऊ शकते, १.९ कोटी डॉलरच्या एका तडजोडीत तेवढी फी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कायम केली. उरलेली रक्कम बहुधा ज्याने जितके आठवडे काम केले त्या प्रमाणात वाटतात.

या साऱ्या प्रक्रियेचा कणा म्हणजे अंतिम सुनावणी. त्या दिवशी दोन्हीकडच्या वकिलांना एकच हवे असते, प्रकरण मिटणे. ज्याचा पगार बुडाला तो बहुतेकदा तिथे नसतोच. त्याच्या वतीने विचारणारे फक्त न्यायाधीश उरतात. म्हणूनच दाव्याची खरी किंमत किती आणि तडजोड इतक्या कमीत का, हे त्यांनी स्वतः तपासावे, असा दंडक अपील न्यायालयाने २००८ मध्ये घातला.

वॉलमार्टविरुद्ध कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या ज्यूरीने डिसेंबर २००५ मध्ये जेवणाच्या सुट्ट्यांपोटी सुमारे १,१६,००० कामगारांना १७.२ कोटी डॉलर द्यायला सांगितले. तीन वर्षांनी कंपनीने देशभरातले ६३ वेतनदावे मिटवण्याचे जाहीर केले: कमीत कमी ३५.२ कोटी, जास्तीत जास्त ६४ कोटी डॉलर. नेमका आकडा किती कामगार अर्ज भरतात यावर ठरणार होता. पत्ता बदललेल्या, नोटीस न पोचलेल्या कामगाराचे अशा रचनेत सर्वात जास्त नुकसान होते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एपिक सिस्टिम्स निकालानंतर, नोकरीला लागतानाच लवादाच्या करारावर सही करून सामूहिक दाव्याचा हक्क सोडलेल्यांना हा मार्ग बहुतांशी बंद झाला आहे.