चहाच्या किटलीत शिजलेली बिअर

पुण्यातल्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर तिथेच बनवणाऱ्या पबमध्ये, पहिल्यांदा जाणारा माणूस हल्ली सहसा मोठा ग्लास मागवत नाही, सॅम्पलर मागवतो. लाकडी फळीच्या खाचांत बसवलेले चार-पाच छोटे ग्लास येतात. गव्हाची गढूळ पिवळी बिअर, तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. कोऱ्या कॉफीच्या रंगाची स्टाउट. मधोमध तांबूस, कडवट आयपीए. मग टेबलावर चर्चा रंगते: ही मुंढव्यातल्यापेक्षा कडू आहे, बाणेरची जरा हलकी होती. हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं वाटतं. पण दुसऱ्या ब्रुअरीची बिअर समोर ठेवून चव घेणं हा या धंद्यातला फार जुना व्यवहार आहे, आणि त्यातल्या एका मोठ्या प्रसंगाला कारण ठरली ती हिंदुस्थानातली बाजारपेठ.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल; पेल एल म्हणजे काळ्या बिअरच्या मानाने फिकट बिअर. तिची एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: इंग्लंडहून निघालेली बिअर वाटेत नासायची, म्हणून जॉर्ज हॉजसन नावाच्या ब्रुअरने भरपूर हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी आणि ती टिकवणारी फुलं) घालून, जास्त कडक अशी नवी बिअर शोधून काढली. गोष्ट ऐकायला छान आहे, पण कागदपत्रांपुढे टिकत नाही. उष्ण मुलखात जाणाऱ्या बिअरला हॉप्स जास्त घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातच दिला जात होता. पोर्टर ही काळी बिअरसुद्धा इथे सुखरूप पोचत होती. गोरे शिपाई तीच पीत, पेल एल असे ती साहेबलोकांच्या टेबलावर. हॉजसनची ब्रुअरी पूर्व लंडनमध्ये बो इथे होती आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची ती ब्लॅकवॉलची गोदी तिथून जवळच. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा थोडा माल नेऊन विकायची मुभा असे. हॅम, चीज, टोप्या यांच्याबरोबर ते हॉजसनची पिंपंही चढवत, कारण तो त्यांना १८ महिन्यांची उधारी देत असे. त्याचा जम बसला तो शेजारामुळे आणि उधारीमुळे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, चार ते सहा महिने हेलकावे खात आलेली बिअर मात्र सुरेख मुरलेली असे. इंग्लंडमधल्या थंड तळघरात तशी मुरायला तिला कितीतरी जास्त वेळ लागला असता.

१८२० च्या सुमारास हॉजसनच्या वारसांनी उधारी बंद केली, भाव चढवले आणि कप्तानांना बाजूला सारून माल स्वतःच पाठवायला सुरुवात केली. कंपनीच्या संचालकांपैकी कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांना हे खटकलं. त्यांनी इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट या गावचे ब्रुअर सॅम्युएल ऑलसॉप यांना जेवायला बोलावलं. बर्टनच्या ब्रुअऱ्यांचा रशियाशी चालणारा व्यापार नव्या जकातीमुळे १८२२ मध्ये बसला होता, त्यामुळे ऑलसॉप नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात होतेच. मार्जोरीबँक्स यांनी त्यांना हॉजसनच्या बिअरची बाटली दाखवली आणि हिंदुस्थानासाठी अशी करता येईल का, असं विचारलं.

पुढचा प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत प्रिय आहे. ऑलसॉप यांनी हॉजसनची बिअर आपला माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य) बनवणारा जॉब गुडहेड याच्यापुढे ठेवली. बर्टनकर गोड, गडद, जड बिअरला सरावलेले. गुडहेडने घोट घेतला आणि कडूपणाने तो लगेच थुंकून टाकला. पण अशी बिअर आपल्याला जमेल, असं तो म्हणाला, आणि नमुन्याची पहिली बिअर त्याने चक्क चहाच्या किटलीत केली. दुसऱ्याची बिअर जिभेवर घ्यायची, तिच्यात काय आहे ते ओळखायचं आणि आपल्या पाण्यात ते उतरतं का ते पाहायचं: आजच्या ब्रुअरचं कामही याहून फार वेगळं नाही. आणि पाण्यानेच बाजी मारली. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हा क्षार भरपूर. त्या पाण्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा उतरतो, बिअर नितळ होते. थोड्याच वर्षांत ऑलसॉप आणि बास या बर्टनच्या नावांनी हॉजसनला मागे टाकलं. आजही कित्येक ब्रुअर आयपीएसाठी पाण्यात जिप्सम घालतात.

पुढे फिकट, थंड लागर बिअरने जग व्यापलं. अमेरिकेत दारूबंदी आणि त्यानंतर ब्रुअऱ्यांची झालेली विलीनीकरणं, यामुळे १९७० च्या दशकाअखेर शंभरही ब्रुअऱ्या उरल्या नव्हत्या, आणि उरलेल्यांची चव जवळपास एकच. तुलना करायला शेजारी ठेवणार काय? ही कोंडी फोडली ती काही हट्टी माणसांनी. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी घेतली. जॅक मॅकॉलिफ यांनी १९७६ मध्ये सोनोमात न्यू अल्बियन काढली. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांच्या सहीने घरी बिअर करणं कायदेशीर झालं. १९७७ मध्ये इंग्लिश पत्रकार मायकल जॅक्सन (गायकाशी फक्त नामसाधर्म्य) यांनी जगभरच्या बिअर शैलीनुसार मांडल्या. मला हा टप्पा फार मोलाचा वाटतो. स्टाउट आणि गव्हाची बिअर यांत चांगली कोणती, हा प्रश्नच चुकीचा आहे. तुलना करायची तर एकाच जातीच्या दोन बिअरची.

महाराष्ट्रात छोट्या ब्रुअऱ्यांचं हे पर्व २००९ मध्ये पुण्यात डूलॅली या ब्रूपबपासून सुरू झालं. हे नाव आलं नाशिकजवळच्या देवळालीवरून. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिनोन्महिने पडून असत आणि त्यातल्या काहींचं डोकं फिरत असे. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत; त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. इंग्लंडहून पोर्टर ज्यांच्यासाठी यायची, त्या शिपायांच्याच बोलीतला शब्द शंभराहून अधिक वर्षांनी पुण्यातल्या बिअरवर आला.

इथली अडचण अशी की ताजी बिअर ज्या त्या पबमध्येच प्यावी लागे. मुंढव्यातली चव लक्षात ठेवून बाणेरला जायचं, आणि चव तर रस्त्यातच विसरते. २०२० च्या टाळेबंदीत ग्रोलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत, बिअर भरून नेण्याची मुभा मिळाली आणि दोन ब्रुअऱ्यांच्या बिअर एका टेबलावर आल्या. आम्ही पाच जणांनी एकदा कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात रुळलेली तीन ग्लासांची परीक्षा करून पाहिली: दोन ग्लासांत एक आयपीए, तिसऱ्यात दुसरीकडची, वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तिघांत एकाचं बरोबर येतं. फ्रिजमधून काढल्या काढल्या आमच्यात एकालाच ओळखता आलं. मग ग्लास तळहातात धरून दहा मिनिटं थांबलो. एका ग्लासातून सोललेल्या पपनसाचा वास वर आला, दुसऱ्यातून ओल्या गवताचा. दुसऱ्या फेरीत चौघांचं बरोबर आलं.