मुरगावची लाईन आणि मालवाघिणीवरचा मळ

गोव्यातली वाघीण, म्हणजे रेल्वेचा मालडबा, मॉडेलमध्ये उतरवायची तर साल आधी पक्कं करावं लागतं. रुळाची रुंदी, दोन डबे जोडणारा आकडा, आतला माल, अंगावरच्या मळाचा रंग, हे सगळं सालाबरोबर बदलतं. सुंदर हाताने बांधलेली वाघीण चुकीच्या दशकात उभी केली की जाणकाराच्या डोळ्याला ती लगेच खुपते.

या लाईनचं मूळ १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात आहे. मुरगावला बंदर आणि तिथून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे, अशी ती योजना होती. १८८१मध्ये लंडनला ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ कंपनी निघाली आणि १८८८पर्यंत मुरगाव ते कॅसलरॉक मीटरगेज गाडी सुरू झाली. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाटाचा टप्पा, चढ ३७ला १. १९०२पासून गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठा रेल्वेकडे गेलं. १९५५च्या सत्याग्रहानंतर हद्दीपलीकडची वाहतूक बंद पडली आणि मुक्तीनंतर पुन्हा जोडली गेली. मीटरगेज मात्र १९९०च्या दशकापर्यंत टिकलं. मग रूळ रुंद झाले. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि मडगावला दोन्ही लाईनी एकत्र आल्या.

गंमत अशी की, जी लाईन उखडली गेली तीच मॉडेलमध्ये सोपी. १:८७ या मापात एक मीटर म्हणजे ११.५ मिमी, आणि १२ मिमीचे रूळ, चाकजोड्या बाजारात तयार मिळतात. याचं श्रेय स्वित्झर्लंडच्या डोंगरी गाड्यांना. त्या बहुतेक मीटरगेज आहेत आणि त्यांची मॉडेलं करणाऱ्या बेमोसारख्या जर्मन कंपन्यांमुळे हे माप रुळलं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कुणाला दिसत नाही. जुन्या मीटरगेज डब्यांना मधोमध धक्का झेलणारा एकच बफर आणि त्यावर आकडा असे. तो पितळी पत्र्यातून कापून काढावा लागतो, तेवढीच काय ती चिकाटीची बाब.

रुंद मापाचं तसं नाही. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, १:८७मध्ये १९.२५ मिमी. जगभर या मापात विकला जाणारा रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिमी रुळाची नक्कल. बहुतेक जण तोच वापरतात. बाजूने पाहिलं तर चालून जातं. समोरून पाहिलं की रुंद डबा अरुंद पायांवर तोल सांभाळत उभा असल्यासारखा दिसतो. खरं माप हवं असेल त्याने चाकांना जोडणारे आस लांब करून घ्यावेत, रूळही स्वतः घालावेत आणि सांधे बदलणाऱ्या काट्यांसाठी वेगळं वर्ष राखून ठेवावं.

गेजबदलानंतरच्या गोव्याची वाघीण म्हटलं की बॉक्सएन. ही उघडी, आठ चाकांची, एअर ब्रेकची वाघीण १९८०च्या दशकात आली, पण गोव्यात ती रूळ रुंद झाल्यावरच दिसली. तेव्हा मीटरगेज इंजिनामागे बॉक्सएन लावणं हा सरळ सरळ घोटाळा. १:८७मध्ये तिची आतली लांबी ११२ मिमी, रुंदी ३४, उंची २२.५; बोगींच्या (म्हणजे डब्याखालच्या चार-चार चाकांच्या चौकटींच्या) मध्यबिंदूंत ७५ मिमी अंतर, एका बोगीतल्या दोन आसांत २३. तिची कॅसनब बोगी दोन बाजूचौकटी आणि मधली आडवी तुळई अशा तीन ओतीव भागांची असते. अमेरिकन मालडब्यांच्या तयार बोग्या दिसायला जवळच्या, पण त्यांच्या आसांतलं अंतर सुमारे २० मिमी. चौकट मधोमध कापून ३ मिमीचा तुकडा घातला नाही तर वाघीण आखूड पायांची वाटते.

कागद, पुठ्ठा, लाकूड, पत्रा असा प्रवास करत हा छंद युद्धानंतरच्या दशकांत पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या शीटवर आला आणि तिथेच स्थिरावला. गोव्याच्या हवेत पुठ्ठ्याची वाघीण एका पावसाळ्यात फुगते, त्यामुळे शीटला पर्याय नाही. बाजूंना पाऊण मिमी, तळाला १ मिमी. दुकानातला सनबोर्ड घेऊ नये: तो फेसाळलेला पीव्हीसी असतो, धार घेत नाही आणि स्टायरीन विरघळवून जोडणाऱ्या सॉल्व्हंटने धड चिकटत नाही. बाहेरच्या उभ्या पट्ट्या चिकटवताना ब्रश जेमतेम ओला हवा. सगळ्या पट्ट्या एकाच अंगाला असल्याने जास्तीचं सॉल्व्हंट शीट मऊ करतं आणि भिंत वाकते. भरलेली वाघीण करायची तर आत खोटा तळ घातला की भिंतींना आडवा आधार मिळतो. मात्र खालच्या तळाला दोन-तीन भोकं पाडावीतच. बंद पोकळीत अडकलेली सॉल्व्हंटची वाफ आठवडाभराने, कधी महिन्याने, बाजू फुगवून दाखवते. तोवर रंग झालेला असतो.

वजन अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या लांबीला सुमारे ९० ग्रॅम. त्याहून हलकी वाघीण वळणावर रूळ सोडते. मासेमारीच्या दुकानातली गळाची शिसं चालतात, पण ती पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवू नयेत. या गोंदातून निघणारं आम्ल दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरतं, ती फुगते आणि वाघीण आतून फोडते. इपॉक्सी वापरावं.

डबा मळका दाखवण्याची चाल त्या मानाने अलीकडची. सुरुवातीची मॉडेलं म्हणजे चकचकीत खेळणीच. इंग्लंडात जॉन एहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’ आणि पुढे कॅलिफोर्नियात जॉन ॲलन यांची ‘गोर अँड डॅफेटिड’, मॉडेल रेल्वेच्या या दोन मांडण्यांनी वापरलेली, झिजलेली रेल्वे दाखवली. ॲलन १९७३मध्ये वारले आणि थोड्याच दिवसांत त्यांची मांडणी आगीत जळाली. एहर्न यांची इंग्लंडातल्या पेंडन संग्रहालयात आजही पाहायला मिळते. पुढे रणगाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांनी तैलरंगाचे ओघळ आणि मिठाचे पोपडे आणले, ते वाघिणीवरही चढले.

गोव्यात मळाला तारीख असते. बळ्ळारी-होस्पेटचं लोहखनिज घाट उतरून मुरगावला यायचं, तेव्हाची वाघीण तांबडी. गोव्याचं स्वतःचं खनिज बहुतांशी बार्जमधून मांडवी-झुआरीने जाई, हे विसरून दर स्टेशनावर खनिजाचे ढीग दाखवू नयेत. जुलै २०१०मध्ये कर्नाटकने निर्यात थांबवली, २०१२मध्ये गोव्यातल्या खाणीही बंद झाल्या. बंदरावरून घाटावरच्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा मात्र चालूच आहे. म्हणून २००५ची वाघीण आणि २०१५ची वाघीण एकाच डबीतल्या रंगाने मळवता येत नाही.

मालाची उंचीही वेगळी. बॉक्सएनची जागा ५६ घनमीटर, भार ५८ टनांच्या आसपास. कोळसा हलका, म्हणून तो काठोकाठ. खनिज घनमीटरला दोन-अडीच टन, त्यामुळे अर्ध्याच्या आत भार संपतो. मॉडेलमध्ये तळापासून जेमतेम १० मिमी. खनिज काठापर्यंत भरलेली वाघीण प्रत्यक्षात रुळावरून हललीच नसती. वरची उघडी राहिलेली आतली भिंत गंजलेली आणि घासलेली दाखवायची, आणि खरी मेहनत तिथेच लागते.

आत आधी गंजाचा तपकिरी रंग, वर वार्निश. ते वाळलं की ओल्या ब्रशने पाणी लावून मिठाचे दाणे पेरायचे, सुकल्यावर डब्याचा रंग फवारायचा आणि मीठ चोळून काढायचं. आगरातलं जाडं मीठ इथे दगा देतं: त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात, दाणा विरघळतो आणि पोपड्याऐवजी डाग उरतो. साधं बारीक मीठ तव्यावर कोरडं करून घ्यावं. फवाऱ्याचं कामही जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि लॅकर पांढुरकं पडतं.

बाहेरचे ओघळ तैलरंगाचे: बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा टिपका, अर्धा तास थांबून टर्पेंटाईनने किंचित ओला केलेला चपटा ब्रश वरून खाली. खालचा रंग ॲक्रिलिक हवा. इनॅमल असेल तर टर्पेंटाईन तोही उचलतं. धुळीसाठी जांभ्याची पूड छान, पण मलमलीतून दोनदा गाळलेली. दहावा हिस्सा मिलिमीटरचा कण या मापात जवळजवळ ९ मिमीची खडी होतो. वरून वार्निश मारलं की निम्मी धूळ नाहीशी होते, म्हणून सुरुवातीलाच दुप्पट घालावी.

नंबरपट्टीवर मळ कमी ठेवायचा. कारखान्यात दुरुस्ती झाली की तारीख नव्याने रंगवतात, आणि तिच्यामागचा चौकोन बाकी अंगापेक्षा ताजा दिसतो. आजच्या ११ अंकी नंबरात पाचवा-सहावा अंक बांधणीचं साल सांगतो. तो २००८ असेल तर तिच्यामागे २००५चं दृश्य रंगवू नये.