पडद्यावरचा ड्रॅगन सावकाश का उडतो?

ॲनिमेशनपटाच्या पडद्यावर चिमणीला आणि ड्रॅगनला जागा सारखीच मिळते. दृश्य जवळून दाखवले तर चिमणीही पडदा व्यापते आणि लांबून दाखवले तर वीस मीटर पंखांचा ड्रॅगन आभाळातला एक ठिपका होऊन राहतो. शेजारी झाड, घर किंवा माणूस असेल तर आकाराचा अंदाज बांधता येतो. पण ढगांच्याही वर, जेथे तुलनेला दुसरे काहीच नसते, तेथेसुद्धा हा प्राणी अवाढव्य आहे हे लहान मुलाला कोणी न सांगता कळते. हे कळते ते मुख्यतः वेळेवरून. मोठ्या शरीराची हालचाल लहान शरीराच्या हालचालीपेक्षा सावकाश होते, ती किती सावकाश व्हावी याला भौतिकशास्त्राचा ठरलेला हिशेब आहे आणि जन्मापासून वस्तू पडताना, झुलताना व उसळताना पाहत आलेल्या आपल्या डोळ्यांना तो हिशेब गणिताशिवाय अवगत झालेला असतो.

चित्रपटात एका सेकंदाला सामान्यतः २४ चित्रे दाखवली जातात. सव्वा मीटर उंचीवरून सोडलेली वस्तू अर्ध्या सेकंदात जमिनीवर येते, म्हणजे तिचे पडणे १२ चित्रांत आटोपते. वीस मीटर उंचीवरून पडायला तिला दोन सेकंद, म्हणजे ४८ चित्रे लागतात. उंची सोळा पटींनी वाढली, तरी वेळ केवळ चौपट झाली, कारण पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. संगणकाने चित्रे घडवण्याआधीच्या काळात चित्रपटांतली जहाजे, धरणे आणि राक्षस लहान प्रतिकृती करून चित्रित केले जात, तेव्हा हाच नियम हाताशी असे. प्रतिकृती मूळ वस्तूच्या एक-षोडशांश असेल, तर चित्रीकरण चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९६ चित्रे टिपून करायचे आणि पडद्यावर ते २४ च्या गतीने दाखवायचे. असे केले नाही, तर कोसळणारे धरण हुबेहूब बनवलेले असूनही खेळणे वाटे.

हा नियम चित्रपटवाल्यांनी शोधलेला नाही. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने जहाजांच्या लहान नमुन्यांवरून खऱ्या जहाजांना होणारा पाण्याचा विरोध कसा काढावा याचा अभ्यास केला आणि लांबी, वेग व गुरुत्वाकर्षण यांना एकत्र बांधणारे जे गुणोत्तर त्याने वापरले, ते पुढे त्याच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. रॉबर्ट मॅक्नील अलेक्झांडर या प्राणिशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये तेच गुणोत्तर डायनोसॉरच्या पाऊलखुणांना लावून, पावलांमधील अंतर आणि पायाची उंची यांवरून ते प्राणी किती वेगाने चालत असावेत याचा अंदाज मांडला. ड्रॅगनला चालवणाऱ्या ॲनिमेशनकारापुढे हेच गणित उलट बाजूने उभे राहते: वेग कथेने ठरवलेला असतो आणि पावले त्याला टाकायची असतात. पाय लांब असूनही पावले भराभर पडली, तर तो ड्रॅगन प्रेक्षकाला मोठ्या पालीसारखा वाटतो, मग त्याच्या अंगावरचे खवले कितीही बारकाईने रंगवलेले असोत.

पंखांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. चिमणी एका सेकंदात साधारण पंधरा वेळा पंख मारते, त्यामुळे चित्रपटाच्या हिशेबात तिच्या एका फटक्याच्या वाट्याला दोन चित्रेही येत नाहीत आणि तिचे पंख धूसर पट्ट्यासारखे दाखवण्यावाचून गत्यंतर नसते. गरुडाएवढ्या पक्ष्याचे सेकंदाला तीन फटके धरले आणि त्याचा पंखविस्तार दोन मीटरवरून वीस मीटरवर नेला, तर वर्गमूळाच्या नियमाने सेकंदाला जेमतेम एक फटका उरतो. एका फटक्याला २४ चित्रे मिळाली, की पंख वर जाताना कसा दुमडतो, खाली येताना त्याचे पातळ कातडे हवेने कसे फुगते, टोक मुळापेक्षा किती मागे राहते, हे सारे दाखवायला अवकाश मिळतो. ड्रॅगनचे पंख अभिनय करतात असे वाटते त्याचे खरे कारण हेच असावे. चिमणीच्या पंखांना अभिनयाला वेळच नसतो.

मात्र गती हिशेबात बसवली म्हणून असा प्राणी खरोखर उडेलच असे नाही. येथे आडवा येतो तो गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार. एखादे शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केले, तर त्याचे पृष्ठफळ चौपट होते, पण आकारमान आणि त्यासोबत वजन आठपट होते. गरुडाचे वजन पाच किलो धरले आणि त्याला दहापट मोठे करून ड्रॅगन बनवला, तर पंखांचे क्षेत्रफळ शंभरपट वाढेल आणि वजन हजारपट वाढून पाच टनांवर जाईल. पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर आता दहापट भार आला. हवेतून मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हा भार पेलायला किमान वेग तिपटीहून थोडा अधिक लागेल: गरुड ताशी ४० किलोमीटरने तरंगत राहू शकत असेल, तर या ड्रॅगनला ताशी सव्वाशे किलोमीटरच्या खाली येणे परवडणार नाही. गढीच्या बुरुजावर अलगद उतरणे किंवा नायकाशी बोलण्यासाठी हवेत एका जागी थांबणे, हे त्याच्या नशिबात नाही. त्यातच आकार वाढला की पंखांचे फटके मंदावतात, म्हणजे दर किलो स्नायूकडून मिळणारी शक्ती घटते आणि उडण्यासाठी लागणारी शक्ती मात्र वाढत राहते.

निसर्गाने ही मर्यादा किती ताणून पाहिली आहे, हे सांगणारा प्राणी म्हणजे क्वेत्झालकोॲटलस. डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला १९७१ मध्ये टेक्सासमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात त्याच्या पंखाची हाडे सापडली आणि १९७५ मध्ये या टेरोसॉरचे, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातील उडणाऱ्या सरीसृपाचे, नामकरण झाले. सुमारे ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचा पंखविस्तार दहा ते अकरा मीटर होता, तो जमिनीवर उभा राहिला की जिराफाच्या उंचीला पोहोचत असावा आणि तरीही त्याचे वजन आज बहुतेक अभ्यासक दोनशे ते अडीचशे किलोच्या आसपास मानतात. हाडे पोकळ, त्यांच्या भिंती अतिशय पातळ. एवढे धूड हवेत कसे झेपावत असेल, यावर २००८ मध्ये मायकेल हबीब यांनी सुचवलेले उत्तर मला फार समर्पक वाटते: पक्षी मागच्या दोन पायांनी उडी घेतात, तर टेरोसॉर चारही पायांवर चालत असल्यामुळे पंखांच्याच बळकट स्नायूंनी जमिनीला रेटा देऊन ते उसळत असावेत. पडद्यावरचा ड्रॅगन झेप घेण्याआधी अंग आखडून पुढचे पाय रोवतो, तेव्हा त्याचे वजन पटते. उभ्या जागेवरून नुसते पंख हलवत वर उचलला जाणारा ड्रॅगन दोरीने ओढल्यासारखा वाटतो.

चार पाय आणि वर दोन पंख, ही ड्रॅगनची परिचित रचना जीवशास्त्राला आणखी एका कारणाने खटकते. मासे सोडून बाकी सर्व पृष्ठवंशी प्राण्यांचा शरीर-आराखडा चार हातापायांचा आहे. पंख फडकावून उडण्याची किमया त्यांच्यात तीनदा घडली, टेरोसॉरमध्ये, पक्ष्यांत आणि वटवाघळांत, आणि तिन्ही वेळा पुढचे पायच पंख झाले. पायांना हात न लावता वेगळे पंख हवे असतील, तर ते पेलायला खांद्याच्या हाडांचा दुसरा सांगाडा हवा आणि त्यांना ओढणारे स्नायूही हवेत. अनेक पक्ष्यांत उड्डाणाचे स्नायू शरीराच्या वजनाच्या १५ ते २५ टक्के असतात आणि उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, उंच कण्याला घट्ट बांधलेले असतात. ड्रॅगनच्या पुढच्या पायांचे स्नायूही तेथेच बसवायचे, तर छाती कुठवर फुगवणार? चित्रकार त्यातून वाट काढतात, ती पंखांचे मूळ पाठीवर मागे सरकवून, आणि हालचाल चालू असेतोवर डोळा ही लबाडी खपवून घेतो.

पाय शाबूत ठेवून हवेत जाणारा सरडा खऱ्या जगात आहेही, फक्त तो उडत नाही, तरंगतो. दक्षिण व आग्नेय आशियातील जंगलांत राहणाऱ्या ड्रॅको या सरड्याच्या लांबलेल्या बरगड्यांवर कातडीचा पडदा ताणलेला असतो आणि झाडावरून उडी मारताच तो पंख्यासारखा उघडतो. तरंगताना हा सरडा पुढच्या पायांनी पडद्याची कड धरून दिशा बदलतो, असेही निरीक्षणांत आढळले आहे. पण बरगड्या फडकत नाहीत, त्यामुळे एकदा गमावलेली उंची त्याला झाडावर पुन्हा चढूनच मिळवावी लागते. चीनमध्ये सापडलेला आणि २०१५ मध्ये वर्णन झालेला यी ची हा छोटा डायनोसॉर तर दिसायला ड्रॅगनच्या आणखी जवळचा: अंगावर पिसे, आणि मनगटातून निघालेल्या एका लांब काडीसारख्या हाडाच्या आधाराने ताणलेला कातडीचा पंख. तो कबुतराएवढाच होता, हे येथे लक्षात ठेवायला हवे.

आगीकडे वळले, तर तेथे रसायनशास्त्र उड्डाणापेक्षा उदार आहे. बॉम्बार्डियर नावाचा भुंगेरा पोटातल्या एका कोठडीत हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवतो. संकट आले की हे मिश्रण दुसऱ्या, जाड भिंतींच्या कोठडीत जाते, तेथील विकरांमुळे क्षणात अभिक्रिया होते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसचा दाहक फवारा बाहेर पडतो. तो सलग नसतो, एका सेकंदात साधारण पाचशे लहान स्फोटांनी बनलेला असतो, आणि याच खंडिततेमुळे कोठडीला मधल्या मधल्या क्षणांत निवायला वाव मिळत असावा. ही ज्वाला नव्हे. पण ज्वालेसाठी लागणारे सुटे भाग प्राणिसृष्टीत विखुरलेले आहेतच: रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पोटात मिथेन तयार होतो, आणि विजेच्या ईल माशाची एक जाती, तिची नोंद २०१९ मध्ये झाली, ८६० व्होल्टपर्यंतचा दाब निर्माण करते. हायड्रोजन पोटात साठवून ड्रॅगनला हलके करण्याची कल्पना मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम १.१ किलो वजन उचलतो, तेव्हा पाच टनांचा ड्रॅगन तोलायला सुमारे साडेचार हजार घनमीटर वायू, म्हणजे वीस मीटर व्यासाचा गोळा लागेल, जो त्याच्या स्वतःच्या पंखविस्ताराएवढा रुंद होईल.

आणि आगीलाही आकाराचे घड्याळ लागू आहे. मोकळ्या हवेत जळणारी ज्वाला गरम वायू वर उसळल्यामुळे ठरावीक तालात फुगते व तुटते, आणि हा ताल ज्वालेच्या रुंदीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात मंदावतो. सेंटीमीटरभर रुंदीची ज्वाला एका सेकंदात दहा-पंधरा वेळा थरथरते, मीटरभर रुंदीची आग सेकंदाला दीड वेळाच उसळते. ड्रॅगनच्या तोंडातून सुटलेला झोत सुरुवातीला स्वतःच्या जोराने जातो, पण पुढे तो मंदावून वर वळू लागला, की तेथे हाच ताल सुरू व्हायला हवा. संगणकाने आग घडवणारे आता द्रवगतीची समीकरणे सोडवून तिला चालवतात. त्या समीकरणांत मीटरच्या जागी चुकून सेंटीमीटर पडला, तर ज्वाला रंगाने निर्दोष असूनही काडेपेटीची वाटते.

कौटुंबिक चित्रपटातला ड्रॅगन शेवटी मित्र व्हायचा असतो, आणि तो बदल बहुतेक वेळा डोळ्यांच्या बाहुल्यांवर घडवला जातो. २०१५ मध्ये जमिनीवरील २१४ जातींच्या डोळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उभ्या फटीसारख्या बाहुल्या दबा धरून शिकार करणाऱ्या, जमिनीलगत राहणाऱ्या प्राण्यांत विशेष आढळल्या. मांजराची अशी बाहुली क्षेत्रफळाने शंभरपटीहून अधिक उघडू शकते, माणसाची पंधरापटच. म्हणून एकाच डोळ्यात शिकारी आणि पिल्लू, दोन्ही मावतात: फट आवळली की धोका, पसरली की प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेला, मोठ्या डोळ्यांचा बाळचेहरा.

मैत्री झाली की मूल पाठीवर बसते, आणि सर्वांत मोठी सवलत चित्रपट तेथेच घेतो. पंखाचा प्रत्येक फटका शरीराला वर रेटतो आणि पंख वर जाताना शरीर खाली येते. सेकंदाला एक फटका धरला आणि ड्रॅगनची पाठ वर-खाली मिळून अर्धा मीटरच हलते असे मानले, तरी प्रत्येक हेलकाव्याच्या माथ्यावर तिचा खाली येण्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाइतका होतो. त्या क्षणी स्वाराला वजनच उरत नाही आणि अर्ध्या सेकंदाने, हेलकाव्याच्या तळाशी, ते दुप्पट होते. पट्ट्याने न बांधलेले मूल दर सेकंदाला खोगिरावरून सुटेल. पाठ याहून थोडी अधिक हलली, तर ते हवेतच राहील आणि ड्रॅगन खालून निघून जाईल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण अमेरिकेतील काँडोर गिधाडे उड्डाणातल्या वेळेचा जेमतेम एक टक्का पंख हलवण्यात घालवतात असे दिसले, आणि त्यांतले एक पाच तासांहून अधिक काळ, १७२ किलोमीटर, एकदाही पंख न मारता उडत राहिले. म्हणूनच स्वार आणि ड्रॅगन यांचे लांबलचक संभाषण पंख पसरून तरंगतानाच घडवणे दिग्दर्शकाच्या फायद्याचे असते, कारण त्या अवस्थेत मूल न बांधताही बसू शकते आणि पाठीवरच्या वाऱ्याखेरीज त्याच्या बोलण्यात दुसरे काही आड येत नाही.