दरीतून हाक वर कशी पोचते?

दरीत उलटलेल्या बसपाशी बचावपथक उतरलंय. जखमीची मान एका हाताने सावरत एक जण दुसऱ्या हाताने वॉकीटॉकीवर बोलतो. उत्तरादाखल नुसती खरखर. मोबाइलला तर रेंज नाहीच. अशा वेळी वाटतं, जास्त ताकदीचा संच हवा होता. पण अडचण ताकदीची नसते, उंचीची असते.

हातातला संच साधारण 5 वॅटचा, गाडीतला 25 ते 50 वॅटचा. या संचांच्या रेडिओलहरी जवळपास सरळ रेषेत जातात; डोंगर आडवा आला की वॅट वाढवून फारसं साधत नाही. सपाट मैदानातही पृथ्वीची गोलाई आड येतेच. तिचा हिशोब सोपा आहे. अँटेनाच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि 4.1 ने गुणायचं, की लहरीचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. दीड मीटरवर धरलेल्या संचाला जेमतेम 5 किलोमीटर मिळतात, 30 मीटरच्या मनोऱ्याला 22, आणि आसपासच्या सपाटीहून 400 मीटर उंच टेकडीला तब्बल 82!

म्हणून रिपीटर टेकडीवर बसवतात. तो एका वारंवारितेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच जोरात पुढे पाठवतो. दरीतल्या माणसाचा आवाज टेकडीपर्यंत गेला, की पुढची जबाबदारी टेकडीची. डोंगराळ, झाडीच्या भागात 150 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, सुमारे 2 मीटर लांबीच्या लहरी जास्त उपयोगी पडतात. त्या कड्यांवरून थोड्या वळतात. इमारतीच्या आतून बोलायचं तर 450 मेगाहर्ट्झच्या आखूड लहरी बऱ्या.

मात्र वादळात वीज गेली आणि रिपीटरची बॅटरी बसली, तर सगळा भाग एकदम मुका होतो. मला विचाराल तर नव्या संचांआधी टेकडीवरच्या बॅटऱ्या आणि सौर पॅनेलवर खर्च व्हायला हवा. बॅटरी नुसती 'भरलेली' दिसून भागत नाही, भार टाकून ती किती तास टिकते ते पाहावं लागतं.

तरीही रिपीटर बंद पडलाच, तर संच एकमेकांशी थेट बोलू शकतात. पण त्यासाठी अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि पोलिस, तिघांच्याही संचात तो समान चॅनेल आधीच भरलेला हवा, त्याच नावाने आणि त्याच जागी. ओल्या हातमोज्याने बटण फिरवणाऱ्याला पडद्यावरची अक्षरं वाचायला सवड नसते. तो खटके मोजतो.

आणि दरीतल्या त्या माणसाने संच कमरेला ठेवून बोलू नये, कारण शरीर बराच सिग्नल शोषून घेतं. अँटेना उभी धरावी, संच तोंडाच्या उंचीला आणावा आणि जमल्यास दहा पावलं चढावर जाऊन पुन्हा हाक द्यावी.