जेनिफर केंडल : ‘पृथ्वी’च्या मागची इंग्रज नाटक कंपनी

जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये तिसरी घंटा झाली आणि दार लागलं, की उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. ओळख सांगा, ट्रॅफिकचं गाऱ्हाणं सांगा, काही उपयोग होत नाही. मुंबईकरांना ही शिस्त अजूनही अधूनमधून टोचते. थिएटरवर नाव पृथ्वीराज कपूर यांचं असल्यामुळे सगळं श्रेय कपूर घराण्याच्या खात्यावर जमा होतं. पण या जागेला जे वळण लागलं, त्यात एका इंग्रज नटीचा मोठा हात आहे, आणि ते वळण समजून घ्यायचं तर तिच्या आईवडिलांच्या फिरत्या नाटक कंपनीपर्यंत मागे जावं लागतं.

जेनिफर केंडलचा जन्म १९३४ सालचा, वायव्य इंग्लंडमधल्या साउथपोर्ट या समुद्रकाठच्या गावातला. वडील जेफ्री यांचं मूळ आडनाव ब्रॅग. रंगभूमीवर उतरताना त्यांनी आपल्या जन्मगावाचं, केंडलचं, नाव आडनाव म्हणून लावलं. (आपल्याकडच्या ‘कर’वाल्या आडनावांना यात नवल वाटायला नको.) आई लॉरा लिडेल, त्याही नटी. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मनोरंजनासाठी निघालेल्या नाट्यपथकातून हे दांपत्य हिंदुस्थानात आलं आणि या देशाने त्यांना कायमची ओढ लावली. १९४७ साली इंग्रज इथून गाशा गुंडाळत असताना केंडल मंडळी उलट दिशेने आली, तीही ‘शेक्सपिअराना’ नावाची नाटक कंपनी घेऊन.

कंपनी म्हणजे तरी काय? मूठभर नट, ट्रंकांत भरलेला कपडेपट, घडी घालून नेता येईल एवढंच नेपथ्य आणि तिसऱ्या वर्गाचा रेल्वेप्रवास. आज थंड हवेच्या ठिकाणच्या निवासी शाळेत ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’, तर पुढच्या मुक्कामी एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यात ‘ऑथेल्लो’. जोडीला शॉ आणि शेरिडन यांचीही नाटकं असत. संख्या तोकडी असल्यामुळे एकेका नटाच्या वाट्याला दोन-तीन भूमिका यायच्या, आणि विंगेत गेलेला माणूस पडदा ओढायला किंवा दिवे सांभाळायला हजर असायचा. जेनिफर यातच वाढली. लहानपणापासून पडेल ते काम करत ती पुढे कंपनीची मुख्य नटी झाली. उत्पल दत्त यांनीही सुरुवातीच्या काळात याच कंपनीत उमेदवारी केली. पुढे बंगाली रंगभूमीवर स्वतःचं राज्य उभं करणारा हा नट जेफ्रींना गुरू मानत असे.

त्याच सुमारास आणखी एक कंपनी देशभर फिरत होती. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ साली मुंबईत पृथ्वी थिएटर्स काढलं आणि सोळा वर्षांत गावोगाव अडीच हजारांवर प्रयोग केले. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दाराशी झोळी पसरून उभे राहत. जमलेला पैसा निरनिराळ्या मदतकार्यांना जाई. सिनेमात कमवायचं आणि नाटकात घालायचं, हा त्यांचा खाक्या. त्यांच्या स्वतःच्या कंपनीला मात्र हक्काचं नाट्यगृह कधीच मिळालं नाही.

१९५६ साली कलकत्त्यात या दोन कंपन्यांची गाठ पडली. वडिलांच्या कंपनीत पडेल ते काम करणारा अठरा वर्षांचा शशी कपूर आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठी जेनिफर यांचं सूत जुळलं. जेफ्री भडकले. त्यात बापाची काळजी किती आणि मुख्य नटी हातची जाणार हा मालकाचा हिशेब किती, हे सांगणं अवघड आहे. मला दुसरं कारण जास्त पटतं. तोवर शशी शेक्सपिअरानात दाखल होऊन इंग्रजीतून शेक्सपिअर करू लागला होता. १९५८ साली लग्न झालं. १९६० मध्ये पृथ्वीराज यांची तब्येत ढासळली आणि पृथ्वी थिएटर्सने गाशा गुंडाळला. शशी सिनेमाकडे वळला.

शेक्सपिअरानालाही तोवर उतरती कळा लागली होती. नाटकांची थिएटरं सिनेमागृहं होत होती, संस्थानिकांचे तनखे उरले तरी दरबार उरले नव्हते, आणि नव्या भारतात इंग्रजी नाटक पाहायला पैसे मोजणारा वर्ग आटत चालला होता. जेफ्रींच्या या अनुभवांवर बेतलेला ‘शेक्सपिअरवाला’ हा इस्माइल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांचा चित्रपट १९६५ साली आला. त्यात जेफ्री, लॉरा आणि धाकटी फेलिसिटी ठळकपणे दिसतात. जेनिफरचं काम छोटंसं आहे आणि श्रेयनामावलीत तिचं नावही नाही. फेलिसिटी पुढे इंग्लंडला परतली आणि बीबीसीच्या ‘द गुड लाइफ’ मालिकेमुळे तिथल्या घरोघरी पोचली. थोरली मुंबईतच राहिली. कुणाल, करण आणि संजना या तीन मुलांचं संगोपन आणि एका व्यग्र हिंदी नटाचा संसार यांत तिची उमेदीची वर्षं गेली.

त्यामुळे पडद्यावरची तिची कामं बोटांवर मोजावी इतकीच. १९७० च्या ‘बॉम्बे टॉकी’त तिने हिंदी सिनेमाच्या नटाच्या नादी लागणारी इंग्रज लेखिका रंगवली. समोर शशीच होता. मग थेट १९७८ चा ‘जुनून’. निर्माता शशी, दिग्दर्शक श्याम बेनेगल. १८५७ च्या धामधुमीत एक पठाण एका मुलीच्या मागे लागला असताना तिची आई, मरियम (हे काम जेनिफरचं), त्याला झुलवत ठेवते : दिल्ली तुमच्या हाती राहिली तर मुलगी तुमची, पडली तर नाव काढायचं नाही. मुलीला वाचवण्यासाठी ही बाई आवाज न चढवता सौदा करते. जेनिफरच्या अभिनयातला संयम इथे पहिल्यांदा पुरेपूर दिसतो.

पण तिची खरी भूमिका ‘३६ चौरंगी लेन’मधली. दिग्दर्शिका म्हणून अपर्णा सेन यांचा हा पहिला चित्रपट, १९८१ चा, निर्माता पुन्हा शशी. कलकत्त्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका व्हायोलेट स्टोनहॅम, वर्षानुवर्षं शेक्सपिअर शिकवणारी, घरी सोबतीला सर टोबी नावाचं मांजर. शाळा तिच्याकडून शेक्सपिअर काढून घेते आणि खालच्या वर्गांचं व्याकरण गळ्यात मारते. भेटायला जागा हवी म्हणून एक तरुण जोडपं तिच्या घराचा वापर करतं, तिला ते प्रेम वाटतं. लग्नानंतर नाताळात ही बाई केक घेऊन त्यांच्या दारी जाते. आपण गावाला जाणार असं त्यांनी सांगितलेलं असतं, आत मात्र पार्टी रंगलेली असते. ती बाहेरूनच बघते, मागे वळते आणि रात्रीच्या रस्त्यावर एका भटक्या कुत्र्याला लिअर राजाच्या ओळी ऐकवत चालू लागते.

तेव्हा जेनिफरचं वय जेमतेम सत्तेचाळीस. म्हातारपण दाखवायला ती कंप किंवा खोकल्याचा आधार घेत नाही. जिने चढताना पिशवी सावरण्याची लकब, समोरच्याचं बोलणं कळायला लागणारा अर्धा क्षण, एवढ्यावर ती काम भागवते. त्यातही लिअरच्या त्या ओळी! पोरवयापासून मुक्कामामागून मुक्काम ऐकलेल्या शेक्सपिअरची ही भाषा दुसऱ्या एखाद्या नटीच्या तोंडी इतकी घरगुती वाटली असती, असं मला वाटत नाही. व्हायोलेटच्या वृद्धाश्रमातल्या भावाचं काम खुद्द जेफ्री केंडल यांनी केलं आहे. व्हायोलेटच्या भूमिकेसाठी जेनिफरला ‘बाफ्टा’ या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं उत्कृष्ट अभिनेत्रीसाठी नामांकन मिळालं. त्या वर्षी पुरस्कार कॅथरिन हेपबर्नने नेला. अपर्णा सेन यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘जुनून’ आला त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९७८ ला, जुहूच्या जानकी कुटीरमध्ये पृथ्वी थिएटर उघडलं. पृथ्वीराज यांनी नाट्यगृहासाठी तिथे जागा भाड्याने घेऊन ठेवली होती, पण १९७२ साली ते गेले आणि भाडेकरारही संपला. शशी आणि जेनिफर यांनी ती जागा विकत घेतली, विश्वस्त निधी स्थापन केला. वास्तुरचना वेद सेगन यांची. आसनं दोनशेच्या आसपास, रंगमंच पुढे आलेला आणि तीन बाजूंनी प्रेक्षक. पहिल्या रांगेतला माणूस नटाचा श्वास ऐकू शकतो, मग त्या अंधारात कुणी चाचपडत खुर्ची शोधू लागला तर प्रयोगाचा विचका होणारच. दाराची शिस्त तिथून येते. हौशी-प्रायोगिक संस्थांना परवडेल असं भाडं ठेवायचं, आठवड्याचे सोमवार सोडून सगळे दिवस नाटक चालू ठेवायचं, आवारात चहा-कॉफीची सोय करून लोकांना रेंगाळू द्यायचं, ही घडी बसवताना जेनिफर रोजच्या रोज तिथे असायची. बिऱ्हाड पाठीवर घेऊन वाढलेल्या बाईने दुसऱ्यांच्या नाटकांना मुक्कामाची जागा करून दिली.

मराठी वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. या थिएटरचा पडदा ज्या नाटकाने उघडला ते मूळ मराठी : गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी यांच्या संचात. नव्या जागेचा मुहूर्त करायला चौकशी समितीपुढे उभ्या केलेल्या डाव्या प्राध्यापकाचं कोरडं, वादविवादी नाटक निवडणं, याला धाडस म्हणतात.

पुढची वर्षं थोडी मिळाली. १९८३ च्या ‘हीट अँड डस्ट’मध्ये आणि सत्यजित राय यांच्या ‘घरे बाइरे’त, मिस गिल्बी या इंग्रज शिक्षिकेच्या भूमिकेत, ती दिसते. तोवर कर्करोगाचं निदान झालेलं होतं. त्याही अवस्थेत १९८३ साली पृथ्वीचा पहिला नाट्यमहोत्सव पार पडला. ७ सप्टेंबर १९८४ ला लंडनमध्ये तिचं निधन झालं, वय पन्नास. शशी त्यानंतर हळूहळू पडद्यावर कमी दिसू लागला. थिएटरचा कारभार आधी कुणालने आणि नंतर बरीच वर्षं संजनाने पाहिला. २८ फेब्रुवारी हा जेनिफरचा वाढदिवस. त्या दिवशी झाकीर हुसेन वर्षानुवर्षं तिच्या स्मरणार्थ पृथ्वीत तबला वाजवत. ‘हीट अँड डस्ट’मध्ये त्यांनीही काम केलं होतं.